दुसऱ्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे

दुसऱ्या महायुद्धात रक्तस्रावाने खचलेल्या सैनिकांसाठी अमेरिकी सैन्याला अल्ब्युमिन हवे होते. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ एडविन कोन यांनी त्यासाठी दात्यांचा प्लाझ्मा गार करून, त्यात टप्प्याटप्प्याने अल्कोहोल मिसळून आणि आम्लता बदलत एकेक प्रथिन वेगळे काढण्याची पद्धत बसवली. अल्ब्युमिनसोबत आणखी एक घटक निघाला. तो होता गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजेच प्रतिपिंडांचा साठा. घोड्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे १८९० च्या दशकापासून घटसर्पावर दिली जात होती, पण परक्या प्राण्याच्या प्रथिनांनी रोग्याला ताप, पुरळ, सांधेदुखी होई. माणसाच्या प्रतिपिंडांत तो धोका फार कमी होता. १९४४ पासून ती गोवर रोखण्यासाठी वापरली जाऊ लागली.

औषध असे हाताशी होते, पण ते ज्यांना जन्मभर लागते ते रुग्ण अजून कुणी ओळखलेच नव्हते. १९५२ मध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. जंतू रक्तात पसरून हा मुलगा पुन्हा पुन्हा मरणाच्या दारी जाई. त्याच्या रक्तातील प्रथिने विद्युतप्रवाहाने विलग करून पाहिली, तेव्हा गॅमा ग्लोब्युलिन दिसलेच नाही. ब्रूटन यांनी ते दरमहा त्याच्या त्वचेखाली टोचले आणि ते जीवघेणे आजार थांबले. रोगाचे निदान आणि त्यावरचा उपचार एकाच लेखात सापडावा, असे वैद्यकात क्वचितच घडते.

दिलेली प्रतिपिंडे सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होतात, म्हणून उपचार आयुष्यभर चालू ठेवावा लागतो. पुढे रूढ झालेली स्नायूंतली इंजेक्शने फार दुखत आणि मात्राही अपुरी पडे. शिरेतून द्यावे, तर एकमेकांना चिकटलेल्या रेणूंमुळे थंडी वाजे, रक्तदाब कोसळे. १९६२ मध्ये बर्नमधील बारांडुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आम्लयुक्त प्रक्रियेने हा दोष कमी केला. १९८० च्या दशकात शिरेतून देण्याची औषधे सर्रास वापरात आली.

प्रत्येक खेपेत हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला जातो. प्रतिपिंडांतले वैविध्य त्यातूनच येते, आणि धोकाही. १९९४ मध्ये अमेरिकेत अशा एका औषधातून रुग्णांना हेपटायटिस सी झाला. त्यानंतर विषाणू निष्क्रिय करण्याचे स्वतंत्र टप्पे सक्तीचे झाले.

दरम्यान १९९१ मध्ये स्वीडनमध्ये छोट्या पंपाने त्वचेखाली, घरच्या घरी औषध घेण्याची पद्धत यशस्वी ठरली. आज शिरेतून घेणे आणि त्वचेखाली घेणे, दोन्ही मार्ग वापरात आहेत.