तळेघरचे कोळी आणि बोया

कोळी म्हटले की किनाऱ्यावर वाढलेल्या आपल्या डोळ्यांपुढे होडी येते. तळेघर परिसरातील महादेव कोळी मात्र सह्याद्रीतले शेतकरी. घोड नदीवर डिंभे धरण झाले. ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगाव आणि भोवतीची भातखाचरे बुडाली. त्याच पाण्यावर या डोंगरकऱ्यांना मासेमारीची धुळाक्षरे गिरवावी लागली. जाळ्याच्या वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला वजने. मग जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते आणि मासा कल्ल्यांपाशी अडकतो. समुद्रावर ही विद्या बापाकडून मुलाकडे येते. येथे ती प्रौढांनी नव्याने आत्मसात केली. ‘शाश्वत’ संस्थेच्या साहाय्याने त्यांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभारली. ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचे ‘इक्वेटर’ पारितोषिक लाभले. त्याचे कौतुक आहेच. परंतु आपल्या बुडालेल्या खाचरांवर जाळे आपलेच पडावे, हा त्यांचा आग्रह आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.