स्तनाचा किरणजन्य अँजिओसार्कोमा
स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन दिलेल्या भागात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींपासून पुढे कधीतरी उद्भवणारा दुर्मीळ आणि आक्रमक कर्करोग. हजार रुग्णांमागे साधारण एकीला, बहुधा पाच ते दहा वर्षांनी होतो. धोका एवढा लहान असल्याने त्याच्या भीतीने रेडिएशन नाकारणे चुकीचे ठरेल.

कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनोजवळच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा रेडिएशनमुळे पुढे होणाऱ्या कर्करोगाच्या प्रश्नाशी जुना संबंध आहे. स्टॅनफर्डच्या हेन्री कॅप्लन यांनी १९५६ मध्ये लिनिअर ॲक्सिलरेटरने उपचार सुरू केले आणि हॉजकिन्स या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे असंख्य तरुण रुग्ण वाचले. १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्याच स्टीव्हन हॅनकॉक व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कोवळ्या वयात छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींमध्ये पुढे स्तनाच्या नेहमीच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच वाढते. स्वतःच्या यशाची अशी झडती घेणे हे मोठे काम होते.

अँजिओसार्कोमाची चाल वेगळी. तो बहुतेकदा कातडीतच सुरू होतो: मार लागल्यासारखा काळानिळा डाग, जांभळट पुरळ किंवा लहानशी गाठ. तो बहुधा दुखत नाही. सावळ्या कातडीवर डाग नुसता काळपट दिसू शकतो आणि रेडिएशनचाच व्रण समजला जाऊ शकतो. मॅमोग्राफीत पुष्कळदा काहीच सापडत नाही. म्हणून मार न लागता उमटलेला, न विरणारा डाग दिसला की कातडीच्या पूर्ण जाडीचा तुकडा तपासायला पाठवावा. सुईने घेतलेला नमुना अपुरा पडू शकतो. रेडिएशननंतर रक्तवाहिन्यांचे काही निरुपद्रवी बदलही असेच दिसतात. त्यांच्यात एमवायसी जनुकाच्या प्रती सहसा वाढलेल्या नसतात, या कर्करोगात बहुधा असतात. निदानाला याचा मोठा आधार होतो.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. दिसणाऱ्या डागाबाहेरही रोग पसरलेला असतो, त्यामुळे स्तनासह रेडिएशन घेतलेली शक्य तितकी कातडी काढतात आणि दुसरीकडची कातडी किंवा स्नायू लावून जागा झाकतात. तरीही तो त्याच जागी वरचेवर उलटतो, फुप्फुसांतही जातो. म्हणून छातीचा सीटी स्कॅन शस्त्रक्रियेआधीच करतात. पसरलेल्या रोगावर पॅक्लिटॅक्सेल किंवा डॉक्सोरुबिसिन देतात. सार्कोमाचा अनुभव असलेल्या केंद्रातच, जसे मुंबईचे टाटा मेमोरियल, उपचार ठरवावेत.

मुंबई-पुण्यात रेडिएशन घेतलेली आई पुढे क्युपर्टिनोला लेकीकडे राहायला जाते, तेव्हा जुनी फाइल कपाटातच राहते. रेडिएशनचा सारांश, म्हणजे साल, बाजू आणि एकूण मात्रा, सोबत असायलाच हवा. पुढे असा डाग उमटला, तर तो रेडिएशनच्या जागेवर आहे, हे नव्या डॉक्टरला त्यावरून पहिल्याच भेटीत कळते.