न वाचता केलेल्या सह्या

२३ ऑगस्ट १८६४, मंगळवार. वॉशिंग्टनमध्ये मंत्रिमंडळाची बैठक भरली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनने घडी घालून चिकटवलेला एक कागद मंत्र्यांपुढे सरकवला आणि मागच्या बाजूला सही करा, असे सांगितले. आत काय लिहिले आहे, हे त्याने सांगितले नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. कागदात मजकूर होता तो असा : हे सरकार पुन्हा निवडून येईल असे दिसत नाही, तसे झाले तर मतदान ते शपथविधी या मधल्या काळात नव्या अध्यक्षाच्या हातात हात घालून संघराज्य वाचवणे हे आपले कर्तव्य राहील, कारण तो ज्या भूमिकेवर निवडून आलेला असेल तिच्यामुळे पुढे त्याला ते वाचवता येणार नाही.

ही नुसती निराशा नव्हती. यादवी युद्धाचे ते चौथे वर्ष. व्हर्जिनियात उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या फौजेची उन्हाळ्यात भयंकर हानी झाली होती, आणि जुलैत तर दक्षिणेचे सैन्य थेट वॉशिंग्टनच्या वेशीवर येऊन परतले होते. त्याच महिन्यात लिंकनने आणखी ५ लाख सैनिकांची मागणी केली. निवडणुकीच्या वर्षात घरोघरची मुले मागणारा पुढारी विरळाच.

त्याच्या स्वतःच्या रिपब्लिकन पक्षातही धुसफूस होती. अर्थमंत्री सॅमन चेस मंत्रिमंडळात बसून स्वतःच्या उमेदवारीसाठी हालचाली करत होता. गुलामगिरीच्या प्रश्नावर लिंकन फार सावकाश चालतो म्हणून नाराज असलेल्यांनी मे महिन्यात क्लीव्हलँडला जनरल फ्रीमाँटला वेगळे उभे केले. ऑगस्टमध्ये बेंजामिन वेड आणि हेन्री विंटर डेव्हिस या स्वपक्षीयांनीच लिंकनविरुद्ध जाहीरनामा छापला. जूनमध्ये बाल्टिमोरच्या अधिवेशनात पक्षाने ‘नॅशनल युनियन’ हे नाव घेतले आणि टेनेसीच्या अँड्र्यू जॉन्सन या डेमोक्रॅटला उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली, ती मते जोडण्यासाठीच.

विरोधकांचा प्रचार किती खालच्या थराला गेला होता, हे एका पुस्तिकेवरून कळते. डिसेंबर १८६३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ती निनावी छापली गेली. गोऱ्या-काळ्यांनी आपसांत लग्ने करावीत, हेच रिपब्लिकनांचे खरे ध्येय आहे, असे ती मोठ्या उत्साहाने सांगत होती. गुलामगिरीविरोधी नामवंतांना तिच्या प्रती पाठवून अभिप्राय मागवले गेले, आणि काही भाबड्यांनी ते दिलेही. लगेच डेमोक्रॅटिक वृत्तपत्रांनी बोंब ठोकली. प्रतिनिधिगृहातही ती पुस्तिका गाजली. प्रत्यक्षात ती लिहिली होती ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या डेमोक्रॅटिक पत्राशी संबंधित दोघा पत्रकारांनी. लिंकनलाही प्रत गेली होती. त्याने उत्तर दिले नाही.

ऑगस्टच्या अखेरीस खरी कसोटी लागली. पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा संपादक हेन्री रेमंड याने कळवले की वारे उलटे वाहते आहे; दक्षिणेची राजधानी रिचमंडला माणसे पाठवा, संघराज्य मान्य करा एवढीच अट घाला, गुलामगिरीचे नंतर पाहू. लिंकनने त्याचा मसुदा करून पाहिला, आणि बाजूला ठेवला. असे शिष्टमंडळ पाठवणे निवडणूक हरण्याहूनही वाईट, असे त्याने रेमंडला समोरासमोर सांगितले. जे काळे सैनिक संघराज्यासाठी लढत होते त्यांना परत मालकांच्या ताब्यात द्यायला तो तयार नव्हता. लिंकनचे मोठेपण त्याच्या गाजलेल्या भाषणांपेक्षा या नकारात जास्त दिसते, कारण तेव्हा त्याला स्वतःला पराभव समोर दिसत होता.

डेमोक्रॅटांनी शिकागोत, ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत, जनरल जॉर्ज मॅक्लेलनला उमेदवारी दिली. उमेदवार युद्ध चालू ठेवण्याच्या बाजूचा, पण जाहीरनाम्यात क्लेमंट व्हॅलँडिगॅमच्या युद्धविरोधी गटाने युद्ध फसल्याचे आणि लढाई थांबवण्याचे कलम घुसवलेले. मॅक्लेलनला आठवडाभरातच ते कलम नाकारावे लागले. तोवर २ सप्टेंबरला अटलांटा पडले होते, आणि उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या तारेने उत्तरेत आनंदाची लाट उसळली. २२ सप्टेंबरला फ्रीमाँटने माघार घेतली. दुसऱ्याच दिवशी जहाल गटाला नकोसा असलेला टपालमंत्री माँटगोमेरी ब्लेअर मंत्रिमंडळातून गेला.

लिंकन हातावर हात ठेवून बसणारा नव्हता, हेही सांगायला हवे. सरकारी नोकरांकडून पक्षनिधी गोळा होत होता. नेवाडाला घाईघाईने राज्याचा दर्जा मिळाला. तिथल्या संविधानाचा सोळा हजारांहून अधिक शब्दांचा मजकूर तारेने वॉशिंग्टनला धाडला गेला आणि मतदानाला आठवडा उरला असताना, ३१ ऑक्टोबरला, ते राज्य संघात आले. अनेक राज्यांनी सैनिकांना छावणीतच मत देण्याची सोय केली. इंडियानात ती नव्हती, म्हणून तिथल्या सैनिकांना जमेल तेवढी रजा द्यावी, असे लिंकनने शर्मनला लिहिले.

मात्र निवडणूक पुढे ढकलायची नाही, यावर तो ठाम राहिला. बंडामुळे निवडणूक टाळावी लागली तर बंडखोर आधीच जिंकले, असे त्याचे म्हणणे होते.

८ नोव्हेंबरच्या पावसाळी रात्री लिंकन युद्ध खात्याच्या तार कचेरीत निकाल ऐकत बसला होता. त्याला २१२ निर्वाचक मते मिळाली, मॅक्लेलनला २१. मॅक्लेलनच्या वाट्याला न्यू जर्सी, डेलावेअर आणि केंटकी एवढीच राज्ये आली. सैनिकांची जी मते वेगळी मोजली गेली, त्यांत चारांतली तीनहून अधिक लिंकनला होती. मॅक्लेलन एकेकाळी त्यातल्या अनेकांचा लाडका सेनापती होता.

११ नोव्हेंबरला तो चिकटवलेला कागद मंत्र्यांपुढे उघडला गेला. आपण हरलो असतो तर मॅक्लेलनला बोलावून, लोक तुमच्यामागे आहेत, सत्ता माझ्याकडे आहे, मिळून सैन्य उभारू, असे सांगणार होतो, असा खुलासा लिंकनने केला. मॅक्लेलन नुसता हो-हो म्हणत राहिला असता, असे परराष्ट्रमंत्री सेवर्डचे मत पडले. लिंकन म्हणाला, निदान मी माझे कर्तव्य केले असते. डिसेंबरात त्याने त्याच चेसला सरन्यायाधीश नेमले.

३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली, आणि त्या ११९ मध्ये काही डेमोक्रॅटही होते. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले.