मंद्र स्वरांचे मानकरी

केळापुरात रेडिओवर चित्रपटगीते ऐकताना आम्हांला गायकांची नावे पाठ झाली. वादकांची अज्ञातच राहिली. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. त्याच विद्येच्या बळावर पुढे अनेक गोमंतकीय ख्रिस्ती वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात स्थिरावले. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर वाजणारी चार तारांची बेस गिटार बाजारात आणली. माणसाहून उंच डबल बेसचे काम ती करू लागली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ती टोनी वाझ वाजवीत. ध्वनिमुद्रिकेवर मात्र बहुधा गायक, गीतकार व संगीतकारच झळकत. बेसचा स्वर थांबला की गाणे पोरके होते. आपल्या गायनवृंदात गिटार हाती घेणाऱ्या मुलांना ही नावे आवर्जून सांगावीत.