अवॉर्डचा फॉर्म कुणी भरायचा? डेमिंग, झेरॉक्स आणि एक साधा प्रश्न

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. एका छोट्या कंपनीत लागून आठ महिने झालेत त्याला. साहेब म्हणाले, "तुझं इंग्लिश चांगलं आहे ना, मग यंदाची अवॉर्डची एंट्री तूच लिही." आणि हा विचारतोय, "शॉप फ्लोअरवर मी आजवर दोनदा गेलोय. मी लिहू काय?"

भाऊ, हा प्रश्न तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. त्यावरून मोठमोठ्या कंपन्यांचं हसं झालंय. तर आजचा एपिसोड त्यावरच.

सुरुवात जपानपासून. १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानी इंजिनियर लोकांना क्वालिटी कंट्रोल शिकवायला गेला. त्याच्या लेक्चरच्या नोट्स उतरवून घेतल्या, त्याचं पुस्तक झालं, ते विकलं गेलं. (म्हणजे आपल्या ह्या ब्लॉगसारखंच ट्रान्सक्रिप्ट! आपलं कुणी विकत घेत नाही, तो भाग वेगळा.) डेमिंगने रॉयल्टी स्वतः न घेता तिथल्या संस्थेला देऊन टाकली आणि त्या पैशातून १९५१ मध्ये डेमिंग प्राइझ सुरू झालं.

ह्या बक्षिसासाठी कंपनीने आपण काय करतो ते सविस्तर लिहून द्यायचं असतं. पण खरी गंमत पुढे आहे. परीक्षक कारखान्यात येतात. आधी कंपनी आपली तयार केलेली मांडणी करून दाखवते. मग परीक्षकांची पाळी. कुठे जायचं, कुणाला विचारायचं, हे ते ठरवतात. मशीनवर उभा असलेला माणूस कागदावर लिहिलंय त्यापेक्षा वेगळंच बोलला, की कागद कुणी लिहिला ते आपोआप कळतं.

अमेरिकेला हे सुचायला १९८७ उजाडलं. तिथले वाणिज्यमंत्री माल्कम बाल्ड्रिज रोडिओच्या सरावात घोडा अंगावर पडून गेले आणि राष्ट्रीय क्वालिटी अवॉर्डला त्यांचं नाव दिलं गेलं. पहिल्या वर्षी, १९८८ मध्ये, ६६ अर्ज आले. जिंकणाऱ्यांत मोटोरोला होती, आणि ग्लोब मेटलर्जिकल नावाची ओहायोतली एक छोटी कंपनी. लोखंड-पोलाद आणि फाउंड्रीवाल्यांना लागणारे मिश्रधातू बनवणारी.

ग्लोबचा अर्ज तिथल्या क्वालिटी प्रमुखाने, केनेथ लीचने, जवळजवळ एकट्याने, अगदी थोड्या दिवसांत लिहिला. एकट्या माणसाने! मग साहेबांचंच बरोबर की काय? थांबा. ग्लोब आधी काही वर्षं फोर्डची सप्लायर म्हणून फोर्डच्या क्वालिटी परीक्षेला सामोरी गेली होती. आकडे, तक्ते, नोंदी सगळं हाताशी होतं. आणि लीच हा ते सगळं उभं करणारा माणूस होता. त्याला कुणाला विचारायला जावं लागलं नाही, म्हणून लवकर झालं. भाषा चांगली होती म्हणून नाही.

पुढच्या वर्षी झेरॉक्स आली. त्यांनी नेमकं उलटं केलं. कंपनीच्या वेगवेगळ्या भागांतून माणसं उचलून एक टीम बसवली. अर्ज लिहिता लिहिता त्यांना स्वतःच्याच कंपनीतल्या पाचशेहून जास्त उणिवा सापडल्या. ते त्यांना 'वॉर्ट्स' म्हणायचे, म्हणजे चामखीळ! अवॉर्ड मिळालं हे ठीक, पण माझ्या मते त्या अर्जातून निघालेली सगळ्यात कामाची वस्तू ही चामखिळींची यादी होती. तो अर्ज बाहेरच्या लेखकाला कंत्राटावर दिला असता तर? भाषा गुळगुळीत झाली असती, आणि चामखीळ एकही दिसली नसती. कारण उणिवा शोधायचे पैसे त्याला कुणी दिलेच नसते.

आता दुसरी बाजू. त्याच १९८९ मध्ये फ्लोरिडा पॉवर अँड लाइट ही वीज कंपनी डेमिंग प्राइझ जिंकणारी जपानबाहेरची पहिली कंपनी ठरली. तिथे तर सगळेच लिहीत होते. इतके, की माणसं कंटाळली. काम करायचं सोडून कामाचे तक्ते रंगवतोय, असं लोक म्हणायला लागले. नवे प्रमुख जेम्स ब्रॉडहेड यांनी हे ऐकून घेतलं आणि ८५ जणांचा क्वालिटी विभाग छाटून मूठभर माणसांवर आणला. म्हणजे 'सगळ्यांनी लिहा' हे उत्तरही दर वेळी लागू पडत नाही.

आणि ह्यूस्टनची वॉलेस कंपनी? पाइप आणि व्हॉल्व्ह विकणारी. १९९० मध्ये बाल्ड्रिज जिंकली, १९९२ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जाला गेली. ह्याचा दोष अर्ज लिहिणाऱ्यावर टाकता येत नाही, तेलाच्या धंद्यातली मंदी होतीच. पण अवॉर्डच्या ट्रॉफीवर बँक कर्ज देत नाही, एवढं खरं.

आपल्याकडचंही सांगतो. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ मध्ये डेमिंग प्राइझ मिळवलं. जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. कांदिवली आणि नागपूरला त्यांचे कारखाने. ह्याही परीक्षेत प्रश्न लाइनवरच्या माणसाला जातात, इंग्लिश येणाऱ्या पोराला नाही.

तर भाऊ, तुझं काय? साहेबांना 'नाही' म्हणू नकोस, तेवढी पोझिशन आठ महिन्यांत नसते. पण दोन गोष्टी माग. एक, आठवडाभर फ्लोअरवर बसायची परवानगी. दोन, शिफ्ट सुपरवायझर आणि क्वालिटीवाल्या काकांसोबत रोज अर्धा तास. ते बोलतील, तू उतरवून घे. आकडा त्यांचा, वाक्य तुझं. आणि पाठवण्याआधी अख्खा कागद त्यांना मराठीत वाचून दाखव. ते जिथे हसतील, ते वाक्य खोड.

आणि हो, खाली त्यांची नावंही घाल. कळव काय झालं ते.