मोन्झा १९७६ : भय, विश्वास आणि एक आत्मकथन

'विश्वास' या शब्दाच्या मुळाशी 'श्वस्' हा संस्कृत धातू आहे. 'वि' या उपसर्गासह त्याचा मूळ अर्थ मोकळेपणाने श्वास घेणे, निर्धास्त असणे असा होतो; कुणावर भरवसा ठेवणे हा अर्थ त्यातूनच पुढे आला. म्हणजे हा शब्द मनाच्या निश्चयापेक्षा शरीराच्या एका अवस्थेचा आहे. आज 'आत्म' हे पद जोडून आपण त्याचा जो वापर करतो, त्यात मात्र शरीर जवळजवळ उरलेलेच नाही. स्वतःविषयी मोठे मत असणे, ते आरशासमोर उभे राहून घोकणे, एवढ्यावर त्याची बोळवण होते. व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांनी या शब्दाचे काय केले आहे, याविषयी न बोललेलेच बरे.

आम्हां मराठीच्या अध्यापकांना मोटारशर्यतींच्या इतिहासाकडे वळावेसे वाटले ते या शब्दामुळे. तेथे चालकाच्या विश्वासाचे मोजमाप सेकंदाच्या दशांशांत होते आणि तो ढळला तर जीव जाऊ शकतो. शिवाय या इतिहासाची महत्त्वाची साधने म्हणजे चालकांची आत्मकथने आणि मुलाखती. ती कशी वाचावीत, हा प्रश्न तर थेट आमच्या शाखेचा आहे.

१ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे फॉर्म्युला वनची शर्यत होती. डोंगरझाडीतून जाणारा तो जुना मार्ग एका फेरीला जवळजवळ २३ किलोमीटर लांब होता. अपघात झाला तर मदत वेळेवर पोहोचणे अवघड. आदल्या वर्षीचा विश्वविजेता, ऑस्ट्रियाचा निकी लाउडा, याने सुरक्षेच्या कारणावरून शर्यतीवर बहिष्कार टाकावा असे सुचवले होते. सहकारी चालकांनी ते मानले नाही. दुसऱ्याच फेरीत त्याची फेरारी बाजूच्या बांधावर आदळली, पेटली आणि पुन्हा मार्गावर येऊन थांबली. आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल या चालकांनी आपल्या गाड्या थांबवून त्याला ज्वाळांतून बाहेर काढले. चेहरा भाजला होता. विषारी धुराने फुप्फुसांना त्याहून अधिक इजा झाली होती. रुग्णालयात धर्मगुरूने त्याचे अंत्यसंस्कारविधीही उरकले.

त्यानंतर बरोबर ४२ दिवसांनी, १२ सप्टेंबरला, इटलीत मोन्झा येथे तो पुन्हा शर्यतीत उतरला आणि चौथा आला. डोक्यावरच्या पट्ट्यांतून रक्त झिरपत होते. क्रीडा-इतिहासात हा प्रसंग 'अतुलनीय धैर्य' या मथळ्याखाली येतो आणि तसाच वर्षानुवर्षे सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे.

अपुरा का, ते स्वतः लाउडानेच सांगितले. मोन्झाच्या वेळी त्याने जाहीरपणे असा आव आणला होता की भयावर आपण झटपट आणि पुरता विजय मिळवला. पुढे १९८०च्या दशकात, हर्बर्ट फ्योल्कर या पत्रकाराच्या साहाय्याने लिहिलेल्या आत्मचरित्रात, ते विधान असत्य होते अशी त्याने सरळ कबुली दिली. शुक्रवारच्या सरावात भयाने त्याचे शरीर ताठरले होते, हृदय धडधडत होते, गाडी चालवणे अशक्य झाले होते. आपण भ्यालो आहोत हे प्रतिस्पर्ध्यांना कळणे म्हणजे हरणेच, म्हणून तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःला धीराचे शब्द ऐकवले नाहीत. वेगाची सक्ती न करता हळूहळू गाडी चालवली, हातपायांना जुनी ओळख पटू दिली आणि वेग आपसूक वाढू दिला. परिणामी फेरारीच्या तिन्ही गाड्यांत त्याचीच गाडी पुढे राहिली. आरंभरेषेवर त्याला पाचवे स्थान मिळाले. त्याची जागा भरून काढण्यासाठी आणलेला कार्लोस रॉइटेमान त्याच्या मागे होता.

येथे शर्यतीच्या गाडीचे थोडे यंत्रशास्त्र लक्षात घ्यावे लागते. वळणात चाकांची पकड मर्यादेवर असताना चालक बिचकला आणि त्याने अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, तर गाडीचा भार पुढच्या चाकांवर सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडी गिरकी घेऊ पाहते. भयाने केलेली सावधगिरीच येथे अपघाताचे कारण ठरू शकते. मागचा भाग सुटतो आहे ही बातमी चालकाला डोळ्यांआधी पाठीकडून आणि बैठकीकडून मिळते. हातांनी तिच्यावर कृती करायची ती विचारून नव्हे. 'मला हे जमेल का?' असा प्रश्न मनात उठेपर्यंत वळण संपलेले असते. म्हणून या क्षेत्रातला विश्वास हा मुळात 'आत्म'विषयक नाहीच असे आम्हांला वाटते. तो टायरांवरचा, ब्रेकवरचा, रस्त्यावरचा आणि आपल्याच स्नायूंनी दिलेल्या बातमीवरचा विश्वास आहे. स्वतःकडे पाहण्याची गरज जेथे पडत नाही, तेथे तो असतो.

स्टर्लिंग मॉसची कहाणी लाउडाच्या कहाणीशेजारी ठेवली की हे अधिक स्पष्ट होते. एकदाही विश्वविजेता न झालेला, पण त्या पिढीतल्या थोरांत निःसंशय गणला जाणारा हा इंग्रज चालक २३ एप्रिल १९६२ रोजी गुडवुड येथे मातीच्या बांधावर आदळला. सुमारे महिनाभर तो बेशुद्ध होता. शरीराची डावी बाजू काही महिने लुळी पडली. अपघात कसा झाला, हे त्याला पुढे कधीच आठवले नाही. वर्षभराने, १ मे १९६३ रोजी, त्याच गुडवुडला त्याने एकट्याने गाडी चालवून पाहिली. घड्याळाने नोंदलेल्या वेळा वाईट नव्हत्या. पण पूर्वी रस्त्यावरची नजर न हटवता त्याला यंत्रावरचे आकडे दिसत, कडेला उभा राहून हात हलवणारा मित्रही दिसत असे. आता यातली प्रत्येक गोष्ट ठरवून पाहावी लागत होती. जे आपोआप घडत होते ते आता विचार करून करावे लागत होते. त्याने त्याच दिवशी निवृत्तीचा निर्णय घेतला. तो ३३ वर्षांचा होता.

मॉसला भय वाटत नव्हते, तरी विश्वास गेला होता. लाउडा भयाने गारठला होता, तरी विश्वास परत येऊ शकला. या दोन वस्तू एकमेकींच्या उलट बाजू नव्हेत, हे समजायला आम्हांला यापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही. मॉसने पुढे असेही म्हटले की आपण ती चाचणी फार लवकर घेतली, आणखी थांबायला हवे होते. ते खरे असेल तर ती केवढी हानी!

विश्वास शिगेला पोहोचला असता काय होते, याच्याही नोंदी आहेत आणि त्या विजयगीतांसारख्या मुळीच नाहीत. ४ ऑगस्ट १९५७ रोजी, न्युर्बुर्गरिंगवरच, ४६ वर्षांच्या हुआन मान्युएल फान्जिओने इंधन-टायरांसाठी थांबून गमावलेला पाऊण मिनिटाहून अधिक वेळ भरून काढला, फेरीचा विक्रम पुन्हापुन्हा मोडला आणि दोन फेरारींना मागे टाकून शर्यत व पाचवे विश्वविजेतेपद जिंकले. तसे पुन्हा कधी चालवायची इच्छा नाही, असे त्याने नंतर सांगितले. पुढल्या वर्षी तो निवृत्त झाला. १९८८ साली मोनॅको येथे आयर्टन सेना पात्रताफेरीत सहकारी आलँ प्रोस्तपेक्षा सुमारे १.४ सेकंदांनी वेगवान ठरला. तेव्हा आपण जाणिवेने गाडी चालवत नव्हतो, हे ध्यानात येताच आपण घाबरलो आणि गाडी परत आणली, असे त्याने पुढे मुलाखतीत सांगितले. दुसऱ्या दिवशी शर्यतीत मोठी आघाडी असताना, सावकाश जाण्याची सूचना मिळाल्यावर, तो कठड्यावर आदळला. लय मोडली ती वेगाने नव्हे, हा तपशील आम्हांला फार बोलका वाटतो.

पुन्हा लाउडाकडे येऊ. मोन्झानंतर पुन्हा बरोबर ४२ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, जपानमधील फुजी येथे मोसमाची शेवटची शर्यत होती. लाउडाचे ६८ गुण होते, जेम्स हंटचे ६५. मुसळधार पाऊस, धुके, मार्गावर साचलेले पाणी. त्यात भाजलेल्या पापण्या नीट मिटत नव्हत्या. दोन फेऱ्यांनंतर लाउडाने गाडी आत आणली आणि तो उतरला. एमर्सन फिट्टिपाल्डी आणि कार्लोस पाचे यांनीही त्या दिवशी तेच केले, पण विजेतेपद पणाला लागलेले होते ते लाउडाचे. फेरारीचा अभियंता माउरो फोर्गिएरी याने 'इंजिन बिघडले असे सांगू' अशी सवलत देऊ केली. ती लाउडाने नाकारली. मोन्झाला ज्याने भय झाकले, त्याने सहा आठवड्यांनी ते झाकायला नकार दिला. या दोन प्रसंगांमधल्या अंतरात त्याचे खरे आत्मचरित्र आहे असे आम्ही मानतो. धैर्याच्या कथांत मात्र पहिलाच प्रसंग मोठ्या अक्षरांत असतो. हंट तिसरा आला, त्याचे ६९ गुण झाले आणि एका गुणाने विजेतेपद त्याच्याकडे गेले.

इटलीतल्या वृत्तपत्रांनी लाउडाला भित्रा ठरवले. फेरारीच्या वरिष्ठांचाही त्याच्यावरचा भरवसा डळमळला आणि त्या हिवाळ्यात आपल्या स्थानासाठी त्याला झगडावे लागले. १९७७ साली फेरारीच्याच गाडीतून त्याने विश्वविजेतेपद पुन्हा मिळवले. मोसमाच्या दोन शर्यती शिल्लक असतानाच त्याने फेरारी सोडली.