राजपुरुषांची नोंदशीर्षके (सिंगापूर)

एकाच राजपुरुषास निरनिराळ्या काळी लाभलेल्या पदव्यांपैकी कोणती कोशाच्या शीर्षकस्थानी मांडावी, हा प्रश्न सिंगापूरच्या इतिहासात विशेष बिकट होतो. ६ फेब्रुवारी १८१९ च्या तहाने ब्रिटिश अधिकारी रॅफल्सने ज्या तेंग्कू लाँगला जोहोरचा सुलतान हुसेन शाह म्हणून मान्यता दिली, त्याचा धाकटा भाऊ अब्दुल रहमान डचांच्या पाठिंब्याने लिंगा येथे त्याच गादीवर होता. आणि हुसेनसह तहात सामील झालेला, बेटावर प्रत्यक्ष अंमल असलेला तेमेंगोंगही (मलय दरबारातील एक उच्च पदाधिकारी) अब्दुल रहमान याच नावाचा असल्याने, पदनाम व ठिकाण गाळलेली नोंद वाचकास हमखास भलत्याच दरबारात नेते. साताऱ्याचे शाहू (१६८२–१७४९) व कोल्हापूरचे शाहू (१८७४–१९२२) यांविषयी मराठी कोशकार हीच दक्षता घेतात.

जोहोरच्या अबू बकरचे प्रकरण याहून नाजूक आहे. सिंगापुरातील तेलोक ब्लांगा येथे १८३३ मध्ये जन्मलेला हा पुरुष १८६२ मध्ये तेमेंगोंग, १८६८ मध्ये महाराजा व १८८५ च्या तहान्वये सुलतान झाला. शिवाय तो इंग्लंडात ‘अल्बर्ट बेकर’ या नावाने वावरल्याचा आरोप १८९४ च्या एका दाव्यात आला. अशा वेळी अखेरचे पद शीर्षकी घ्यावे, पूर्वपदांवरून निर्देश द्यावेत. परंतु १८७० मधील हकिकतीत त्यास ‘महाराजा’च म्हणावे, हे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

हुसेनचा मुलगा अली यास १८५५ च्या तहाने सुलतानपद मिळाले, तथापि मुआरजवळील कसांगचा मुलूख वगळता जोहोरचा अंमल तेमेंगोंग इब्राहिमकडे गेला. म्हणून अलीच्या शीर्षकात ‘सुलतान’ ठेवावे, ‘राज्यकर्ता’ लिहू नये.